‘अंतर्गत’ म्हणजे कोणाच्या आत? : फ्रँचायझी कंपन्यांच्या सॉफ्टवेअर-खर्चाची लेखापद्धती

लेखाशास्त्र हे आकड्यांचे शास्त्र होय, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा नव्हे. पण अपुरा आहे. आकडा वहीत उतरण्यापूर्वी त्यास एखादे नाव द्यावे लागते. तो खर्च होय, की मालमत्ता होय, की येणे होय, हे ठरल्यावाचून बेरीज-वजाबाकीस प्रारंभच होत नाही. आणि नाव देणे ही तर भाषेची क्रिया आहे. लेखाशास्त्राची मानके वाचताना भाषेच्या अभ्यासकास वारंवार असे दिसून येते की, कोट्यवधी रुपयांचा निर्णय एखाद्या विशेषणाच्या अर्थव्याप्तीवर अवलंबून असतो. असेच एक विशेषण प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ते विशेषण म्हणजे ‘अंतर्गत’.

कंपनीने स्वतःच्या अंतर्गत वापरासाठी सॉफ्टवेअर तयार केले, तर त्याच्या खर्चाची नोंद एका नियमाने होते. बाहेर विकण्यासाठी तयार केले, तर दुसऱ्या नियमाने होते. ज्या कंपनीची सर्व दुकाने तिच्या स्वतःच्या मालकीची आहेत, तिच्या बाबतीत या दोहोंतील सीमारेषा सहज ओळखता येते. परंतु फ्रँचायझी पद्धतीने चालणाऱ्या व्यवसायात पाटी एकाची आणि दुकान दुसऱ्याचे अशी स्थिती असते. तेथे मूळ कंपनीने तयार केलेले सॉफ्टवेअर हजारो स्वतंत्र दुकानदार वापरतात. मग तो वापर आतला मानावयाचा की बाहेरचा? वाणिज्य आणि भाषा या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल अशा रीतीने या प्रश्नाची मांडणी येथे करावयाची आहे.

१. फ्रँचायझी : शब्द आणि व्यवस्था

‘फ्रँचायझी’ हा शब्द मराठीत आता रुळला आहे. त्याच्या मुळाशी प्राचीन फ्रेंच भाषेतील ‘मुक्त’ या अर्थाचे विशेषण आहे. मोकळीक, सवलत, अधिकार असा अर्थविस्तार होत इंग्रजीत या शब्दास दोन निराळे अर्थ प्राप्त झाले : एक मताधिकाराचा आणि दुसरा एखाद्याच्या नावाने व्यापार करण्याच्या अधिकाराचा. शब्दाचे मूळ स्वातंत्र्यात असले, तरी व्यापारातील फ्रँचायझी ही अत्यंत बांधलेली मोकळीक असते. दुकानदार स्वतःचे भांडवल घालतो, नोकर नेमतो, नफा-तोटा सोसतो. पण पाटी, पदार्थ, मांडणी, कार्यपद्धती ही सर्व मूळ कंपनीने ठरवून दिलेली असतात. या अधिकाराबद्दल तो विक्रीच्या ठराविक टक्केवारीने स्वामित्वशुल्क, म्हणजे रॉयल्टी, देतो आणि बहुधा जाहिरातीच्या सामाईक निधीतही भर घालतो.

पूर्वी मूळ कंपनी दुकानदारास जे देत असे, ते मुख्यतः नाव, पाककृती आणि नियमपुस्तिका या स्वरूपाचे असे. गेल्या दोन-तीन दशकांत त्यात सॉफ्टवेअरची भर पडली. मागणी नोंदविणे, पैसे घेणे, साठ्याचा हिशेब ठेवणे, घरपोच माल पाठविणे, नेहमीच्या ग्राहकास सवलत देणे ही सर्व कामे आता सॉफ्टवेअरमार्फत होतात. डॉमिनोज पिझ्झा या अमेरिकन कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्या जगभरातील दुकानांपैकी सुमारे ९९ टक्के दुकाने स्वतंत्र फ्रँचायझीधारकांची आहेत. विक्री-नोंदणीची ‘पल्स’ नावाची प्रणाली या कंपनीने स्वतः विकसित केली. अमेरिकेतील फ्रँचायझीधारकांस ती बसवून घेणे बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या थोड्या दुकानांतही तीच प्रणाली चालते. अंकीय माध्यमातून आलेल्या प्रत्येक मागणीमागे अमेरिकेतील फ्रँचायझीधारक कंपनीस तंत्रज्ञान-शुल्क देतो. एकच सॉफ्टवेअर एका दुकानात ‘आपले’ आणि शेजारच्या दुकानात ‘दुसऱ्याने वापरलेले’ ठरावे, अशी ही स्थिती आहे. यम ब्रँड्स या कंपनीनेही आपल्या निरनिराळ्या प्रणालींचे एकत्रीकरण करून २०२५ साली ‘बाइट’ या नावाने फ्रँचायझीधारकांपुढे ठेवले. तेव्हा हा प्रश्न एखाद्या अपवादात्मक कंपनीपुरता मर्यादित नाही.

२. दोन नियम, दोन वाटा

अमेरिकन लेखा-मानकांत या विषयाचे दोन प्रवाह आहेत. विकण्यासाठी, भाड्याने देण्यासाठी अथवा अन्य रीतीने बाजारात आणण्यासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरचा नियम वित्तीय लेखा-मानक मंडळाने १९८५ साली घालून दिला. अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरचा नियम प्रमाणित लेखापालांच्या अमेरिकन संस्थेने मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. आज हे दोन्ही नियम एकत्रित संहितेत समाविष्ट आहेत. पहिला ९८५-२० या क्रमांकाखाली, दुसरा ३५०-४० या क्रमांकाखाली.

१९९८ च्या नियमाने सॉफ्टवेअर-निर्मितीचे तीन टप्पे कल्पिले. पहिला प्राथमिक टप्पा : कोणती गरज आहे, कोणते पर्याय आहेत, काम स्वतः करावे की बाहेरून करून घ्यावे, याचा विचार. या टप्प्यातील सर्व खर्च त्या त्या वर्षाचा महसुली खर्च म्हणून लिहावयाचा. दुसरा विकासाचा टप्पा : आराखडा, संकेतलेखन, यंत्रावर उभारणी, चाचणी. या टप्प्यातील प्रत्यक्ष खर्च भांडवली मानून ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवावयाचा. तिसरा वापरोत्तर टप्पा : देखभाल व प्रशिक्षण. हा खर्च पुन्हा महसुली.

दुसऱ्या टप्प्यातीलही प्रत्येक पैसा भांडवली ठरत नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. बाहेरून घेतलेल्या सेवांचे मूल्य, त्याच कामावर प्रत्यक्ष वेळ देणाऱ्या नोकरांचा त्या वेळेपुरता पगार, आणि कर्ज काढून काम केले असल्यास नियमात बसणारे व्याज, इतक्याच बाबी भांडवली होतात. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कार्यालयाचा सामान्य प्रशासकीय खर्च, जुनी माहिती नव्या प्रणालीत उतरविण्याचा खर्च या बाबी विकासाच्या काळात घडल्या, तरी महसुलीच राहतात. पुढे केलेली सुधारणाही तिच्यामुळे प्रणालीस पूर्वी न येणारे एखादे नवे काम येऊ लागले तरच भांडवली होते. केवळ दोष काढून टाकणे ही देखभाल होय. सॉफ्टवेअर अपेक्षित वापरास सिद्ध झाले, की त्याचे मूल्य उपयुक्त आयुष्यावर वाटून दरवर्षी खर्ची टाकण्यास प्रारंभ होतो. प्रत्यक्ष वापर सुरू झाला नसला तरीही.

या वाटणीस मराठीत कोणता शब्द वापरावा, हा स्वतंत्र चिंतनाचा विषय आहे. यंत्रासाठी आपण ‘घसारा’ म्हणतो. त्या शब्दावर घासण्या-झिजण्याची छाया आहे, आणि लोखंडी यंत्रास ती शोभतेही. परंतु सॉफ्टवेअर झिजत नाही. दहा लक्ष वेळा चालविले तरी त्याचे एक अक्षरही पुसले जात नाही. ते कालबाह्य मात्र होते. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी ‘मृतवत् करणे’ असा अर्थ आहे, आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो अधिक यथार्थ वाटतो. प्रस्तुत लेखात ‘क्रमिक निर्लेखन’ ही संज्ञा योजिली आहे. हे आयुष्य किती मानावे, याचा निर्णय व्यवस्थापनाच्या अंदाजावर असतो. मॅकडोनाल्ड्सच्या अलीकडील वार्षिक अहवालांत ते मुख्यतः दोन ते सात वर्षे असे दिले असून, ग्राहकासमोर येणाऱ्या सॉफ्टवेअरचे आयुष्य कमी आणि कार्यालयीन प्रणालींचे अधिक धरले जाते, असे त्यात म्हटले आहे. ग्राहकाची आवड प्रणालीपेक्षा लवकर म्हातारी होते, हेच त्याचे कारण.

बाजारात विकावयाच्या सॉफ्टवेअरची वाट निराळी आहे. तेथे तांत्रिक शक्यता सिद्ध होईपर्यंतचा सर्व खर्च संशोधनाचा मानून लगेच खर्ची टाकतात. शक्यता सिद्ध झाल्यापासून माल सर्वसाधारण विक्रीस खुला होईपर्यंतचा खर्च तेवढा भांडवली होतो. व्यवहारात ही शक्यता बहुधा काम संपत आल्यावरच सिद्ध होते. त्यामुळे या वाटेने गेल्यास भांडवली होणारी रक्कम पुष्कळदा अत्यल्प असते. म्हणजेच ‘अंतर्गत’ की ‘बाह्य’ या एका शब्दाच्या निवडीने एकाच कामाचा ताळेबंद पालटू शकतो.

३. एक काल्पनिक उदाहरण

ही गोष्ट आकड्यांनी स्पष्ट करणे इष्ट होईल. एका काल्पनिक कंपनीचे ५०० फ्रँचायझीधारक आहेत, असे समजू. कंपनी पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर तयार करते. प्राथमिक टप्प्यास ४० लाख रुपये लागतात. विकासाच्या काळात २ कोटी ४० लाख लागतात. त्यांपैकी २० लाख प्रशिक्षणाचे आणि २० लाख जुनी माहिती उतरविण्याचे आहेत. दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी प्रणाली सुरू होते, ती चार वर्षे चालेल असा अंदाज आहे, आणि दर वर्षी देखभालीस ३० लाख लागतात. प्रत्येक दुकानदार दुसऱ्या वर्षापासून वर्षाला २० हजार रुपये तंत्रज्ञान-शुल्क देतो. म्हणजे कंपनीस एकूण १ कोटी मिळतात.

अंतर्गत वापराचा नियम लावल्यास पहिल्या वर्षी प्राथमिक टप्प्याचे ४० लाख आणि प्रशिक्षण व माहिती यांचे ४० लाख, असे ८० लाख खर्ची पडतात. उरलेले २ कोटी मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातात आणि पुढील चार वर्षांत दर वर्षी ५० लाख याप्रमाणे निर्लेखित होतात. दुसऱ्या वर्षापासून शुल्काच्या १ कोटीतून निर्लेखनाचे ५० लाख व देखभालीचे ३० लाख वजा जाता दर वर्षी २० लाख शिल्लक दिसते. सर्वच खर्च पहिल्या वर्षी लिहिला असता, तर त्या वर्षी २ कोटी ८० लाखांचा तोटा आणि पुढे दर वर्षी ७० लाखांची शिल्लक दिसली असती.

पाच वर्षांची बेरीज मात्र दोन्ही पद्धतींत शून्यच येते. एकंदर खर्च ४ कोटी, एकंदर शुल्क ४ कोटी. रोख रकमेच्या प्रवाहातही कोणताच फरक नाही. फरक आहे तो केवळ कोणत्या वर्षी काय दिसते याचा. परंतु ‘काय दिसते’ यावरच धनकोचा विश्वास, भागाचा भाव, व्यवस्थापकांचे बक्षीस आणि दुकानदाराची तक्रार या चारही गोष्टी उभ्या असतात. तिसऱ्या वर्षी अहवाल वाचणारा दुकानदार एका पद्धतीत म्हणेल की, कंपनी आमच्याकडून वाजवीपेक्षा किंचित जास्त घेते; दुसऱ्या पद्धतीत म्हणेल की, ती आमची लूट करते. वस्तुतः तो संपूर्ण काळात खर्चाइतकेच देत आहे. विशिष्ट वर्षाचा आकडा हा वाक्यातून तोडलेल्या शब्दासारखा असतो. पूर्ण वाक्य पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावणे धोक्याचे होय.

४. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अंतर्गत वापराचे सॉफ्टवेअर ओळखण्याच्या दोन कसोट्या आहेत. एक, ते केवळ संस्थेच्या स्वतःच्या गरजा भागविण्यासाठी घेतलेले, तयार केलेले अथवा पालटून घेतलेले असावे. दोन, निर्मितीच्या काळात ते बाहेर विकण्याची कोणतीही ठोस योजना अस्तित्वात नसावी वा आखली जात नसावी. पहिल्या कसोटीतील ‘स्वतःच्या’ या शब्दात फ्रँचायझीधारक बसतो काय?

येथे मराठी भाषेकडे असलेले एक साधन उपयोगी पडते. इंग्रजीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनास एकच सर्वनाम आहे. श्रोता त्यात धरला आहे की वगळला आहे, हे त्यावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते आणि ‘आपण’ त्यास सामावून घेते. गुजराती, तेलुगू आणि तमिळ या भाषांतही हा भेद आहे. फ्रँचायझी कंपन्यांचे अहवाल या दृष्टीने वाचले, तर त्यांत दोन निरनिराळी सर्वनामे एकाच शब्दाआड दडलेली दिसतात. प्रास्ताविक निवेदनात ‘आपली दुकाने’, ‘आपल्या संपूर्ण साखळीची विक्री’ असा भाव असतो. त्या विक्रीच्या आकड्यात फ्रँचायझीधारकांची विक्रीही धरलेली असते. नफा-तोटा पत्रकात मात्र ती विक्री कंपनीचे उत्पन्न म्हणून येत नाही. तेथे केवळ रॉयल्टी, शुल्क आणि कंपनीच्या स्वतःच्या दुकानांची विक्री एवढेच येते. निवेदनातील सर्वनाम ‘आपण’ आहे, हिशेबातील सर्वनाम ‘आम्ही’ आहे. कायद्याच्या दृष्टीने फ्रँचायझीधारक ही स्वतंत्र व्यक्ती होय. म्हणून हिशेबात तो ‘आम्ही’च्या बाहेर आहे.

मग त्यास दिलेले सॉफ्टवेअर बाहेरचेच ठरणार, असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि लेखा-मानकांनी येथे वापरणारा कोण हे न विचारता, ताबा कोणाकडे हे विचारले आहे. सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्या यंत्रांवर चालत असेल आणि दुकानदार दूरस्थ जोडणीने त्याचा केवळ उपयोग करीत असेल, तर दोन प्रश्न विचारावयाचे. करारकाळात केव्हाही, मोठा दंड न भरता, ते सॉफ्टवेअर आपल्या ताब्यात घेण्याचा करारसिद्ध अधिकार त्यास आहे काय? आणि तसे घेतल्यास स्वतःच्या अथवा तिऱ्हाइताच्या यंत्रावर ते चालविणे त्यास व्यवहारतः शक्य आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच सॉफ्टवेअर बाहेर गेले असे मानावयाचे. एक जरी नकारार्थी असले, तरी ते अंतर्गत वापराचेच राहते. दुकानदारास सॉफ्टवेअर मिळालेले नसून सेवा मिळत आहे, आणि सॉफ्टवेअर हे ती सेवा पुरविण्याचे कंपनीचे अंतर्गत हत्यार आहे, अशी यामागची विचारसरणी आहे. शिंप्याकडून आपण शिवण घेतो, त्याचे यंत्र घेत नाही, तद्वत् हे होय.

‘अंतर्गत’ हा संस्कृत शब्द ‘अंतर्’ आणि ‘गत’ यांपासून बनला आहे. जे आत गेले आहे ते. सॉफ्टवेअर कोणाच्या आत गेले, हा प्रश्न ते कोण वापरते या प्रश्नाहून भिन्न आहे, हे या व्युत्पत्तीवरून चटकन ध्यानात येते. विद्यार्थ्यांनी फ्रँचायझी कंपनीचा करार वाचताना तीन प्रकार वेगळे करावेत. कंपनीच्या यंत्रावर राहणारे, दुकानदाराने दुरून वापरावयाचे सॉफ्टवेअर बहुधा अंतर्गत ठरेल. ज्याची प्रत दुकानदारास स्वतंत्रपणे चालविण्यासाठी परवान्याने देण्याचे प्रथमपासून योजिले आहे, ते बाह्य नियमाकडे झुकेल. आणि जे स्वतःसाठी केले पण पुढे विकावयाचे ठरले, त्याच्यासाठी निराळी तरतूद आहे : विक्रीतून आलेली निव्वळ रक्कम प्रथम त्या मालमत्तेच्या ताळेबंदी मूल्यातून वजा करावयाची, ते मूल्य शून्यावर आल्यानंतरच पुढील रक्कम उत्पन्नात धरावयाची.

५. शुल्काची दुसरी बाजू

खर्चाचे नाव ठरले, तरी त्याच्या समोर उभे असलेल्या शुल्काचे नाव ठरवावयाचे राहतेच. अमेरिकेत फ्रँचायझी-उत्पन्नासंबंधी स्वतंत्र मानक १९८१ साली आले होते. पुढे २०१४ साली ग्राहकांशी केलेल्या करारांतील उत्पन्नाविषयी नवे सर्वसाधारण मानक प्रसिद्ध झाले आणि सार्वजनिक कंपन्यांस ते २०१८ पासून लागू झाले. त्याने लेखापालास एक नवा प्रश्न विचारावयास लावला : तंत्रज्ञान-सेवा हे दुकानदारास दिलेले स्वतंत्र वचन होय, की नाव वापरण्याच्या अधिकाराशी निगडित असा त्याचाच एक भाग होय? स्वतंत्र वचन असेल तर त्याचे उत्पन्न त्याच्याच गतीने नोंदावयाचे. एकाच वचनाचा भाग असेल तर मूळ अधिकाराबरोबर नोंदावयाचे. डॉमिनोजच्या अहवालात अमेरिकेतील तंत्रज्ञान-शुल्क रॉयल्टी व शुल्क या उत्पन्नाच्या सदरात येते.

याच मानकाने आणखी एक दृश्य पालट घडविला. पूर्वी अनेक कंपन्या सामाईक निधीत जमा होणारी वर्गणी आणि त्यातून होणारा खर्च परस्पर वळते करून उत्पन्नात दाखवीत नसत. २०१८ नंतर जेथे कंपनी स्वतःच सेवेची कर्ती ठरते, तेथे वर्गणी पूर्ण उत्पन्न म्हणून आणि खर्च पूर्ण खर्च म्हणून दाखवावा लागतो. डॉमिनोजच्या जाहिरात-निधीच्या बाबतीत असाच बदल झाला. उत्पन्न एकदम वाढलेले दिसले. व्यवसाय मात्र होता तेवढाच राहिला. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करून वृद्धीचे अनुमान काढणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट पाहिली नाही, तर त्याचा प्रबंध पायाशीच ढासळेल.

६. टप्प्यांकडून उंबरठ्याकडे

तीन टप्प्यांची कल्पना ज्या काळात बांधली गेली, त्या काळात सॉफ्टवेअर इमारतीसारखे बांधीत असत : आधी नकाशा, मग बांधकाम, मग वास्तुशांत. आज ते बहुतांशी लहान लहान आवर्तनांत तयार होते. दर दोन-तीन आठवड्यांनी नवा भाग जोडतात, वापरून पाहतात, पालटतात. प्राथमिक विचार कोठे संपला आणि विकास कोठे सुरू झाला, हे त्यात दाखविता येत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर जुना नियम पूर्ण क्रियेसाठी रचला होता आणि नवी क्रिया रीतीने अपूर्ण, चालू स्वरूपाची आहे. ‘केले’ या रूपासाठी घडविलेले माप ‘करीत आहे’ या रूपास लावण्याचा हा प्रयत्न होता.

या अडचणीवर उपाय म्हणून वित्तीय लेखा-मानक मंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अंतर्गत सॉफ्टवेअरच्या नियमातील टप्प्यांचे सर्व उल्लेख काढून टाकले. त्यांच्या जागी एक उंबरठा ठेवला आहे. व्यवस्थापनाने प्रकल्पास अधिकृत संमती देऊन निधीची बांधिलकी पत्करलेली असावी. आणि प्रकल्प पुरा होऊन सॉफ्टवेअर अभिप्रेत काम करील हे संभाव्य असावे. हा उंबरठा ओलांडल्यावर खर्च भांडवली होऊ लागतो. तंत्र सर्वस्वी नवीन व असिद्ध असेल, अथवा त्याने कोणते काम करावे हेच ठरलेले नसेल किंवा सारखे पालटत असेल, तर विकासाविषयी मोठी अनिश्चितता आहे असे मानून उंबरठा ओलांडलेला नाही असे समजावयाचे. १५ डिसेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्या वार्षिक कालखंडांपासून हा बदल बंधनकारक होईल. तत्पूर्वीही तो स्वीकारण्यास मुभा आहे. एका क्रियाविशेषणाऐवजी दुसरे आले, ‘कोणत्या टप्प्यात’ याऐवजी ‘कितपत निश्चितपणे’ असा प्रश्न आला. व्याकरणाच्या भाषेत, निर्णय काळाकडून अर्थाकडे, म्हणजे वक्त्याच्या निश्चयाकडे, सरकला.

७. आंतरराष्ट्रीय मानक आणि आपल्याकडील स्थिती

अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी, आणि भारतात सूचिबद्ध कंपन्यांच्या बाबतीत, अमूर्त मालमत्तेचे ३८ क्रमांकाचे मानक लागू होते. आपल्याकडील त्याचे रूप इंड एएस ३८ होय. त्यात अंतर्गत व बाह्य अशी दुभागणी नाही. संशोधन आणि विकास असे दोनच भाग आहेत. संशोधनाचा खर्च महसुली. विकासाचा खर्च सहा अटी पुऱ्या झाल्या तरच भांडवली. काम पुरे करण्याची तांत्रिक शक्यता, ते पुरे करून वापरण्याचा अथवा विकण्याचा हेतू, तसे करण्याची क्षमता, भावी आर्थिक लाभ कसा होईल याची दाखविता येणारी रीत, पुरेशी साधने आणि खर्च विश्वासार्ह रीतीने मोजण्याची सोय, या त्या सहा अटी होत. एकदा महसुली म्हणून लिहिलेला खर्च मागाहून मालमत्तेच्या मूल्यात परत आणता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

भारतातील दोन परिचित उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. डॉमिनोजचा भारतातील अधिकार ज्युबिलंट फूडवर्क्सकडे, आणि पश्चिम व दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्सचा अधिकार मुंबईच्या वेस्टलाइफ फूडवर्ल्डकडे आहे. या कंपन्या मूळ अमेरिकन कंपनीच्या दृष्टीने फ्रँचायझीधारक होत. पण आपल्या क्षेत्रातील दुकाने त्या स्वतः चालवितात. त्यामुळे त्यांनी आपल्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर तयार केले, तर ‘अंतर्गत’ या शब्दाविषयी संदेहास जागाच राहत नाही. जो प्रश्न अमेरिकेतील मूळ कंपनीस पडतो, तो मुंबईतील फ्रँचायझीधारकास पडत नाही, ही गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे.

कराचा हिशेब या सर्वांहून निराळा, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या २०१७ च्या कायद्यान्वये २०२२ पासून सॉफ्टवेअर-विकासाचा खर्च करासाठी देशांतर्गत असल्यास पाच वर्षांवर आणि परदेशी असल्यास पंधरा वर्षांवर वाटावा लागे. जुलै २०२५ च्या कायद्याने देशांतर्गत खर्चास त्याच वर्षी पूर्ण वजावट पुन्हा दिली. परदेशी कामाची पंधरा वर्षे मात्र कायम राहिली. पुण्यात बसून अमेरिकन कंपनीच्या खर्चाने लिहिलेली संकेतावली या कायद्यात ‘परदेशी’ असते, आणि त्याच कंपनीच्या ताळेबंदात ती ‘अंतर्गत’ असू शकते. दोन्ही शब्द आपापल्या शास्त्रात बरोबर आहेत.

८. शब्दांची जबाबदारी

खर्चास मालमत्ता म्हणणे हे काही केवळ पारिभाषिक सोयीचे काम नव्हे. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने इतर कंपन्यांच्या तारा वापरण्याचे नित्याचे भाडे भांडवली खर्च म्हणून लिहिले. २००२ च्या जूनमध्ये ही गोष्ट उघड झाली, तेव्हा अशा रीतीने नाव पालटलेली रक्कम सुमारे ३८० कोटी डॉलर होती. कंपनी पुढल्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली. हजारो लोकांची नोकरी आणि आयुष्याची पुंजी बुडाली. तेथे बेरीज चुकली नव्हती. नाव खोटे होते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा मोह अधिक सूक्ष्म असतो. कारण तारेचे भाडे हे भाडे आहे हे कोणासही कळते, पण एका अभियंत्याचे मंगळवारचे काम नवे काम होते की जुन्याची डागडुजी, हे त्याच्या वेळपत्रकातील एका शब्दावरून ठरते. तो शब्द लिहिणारा तरुण बहुधा लेखापाल नसतो, आणि आपण ताळेबंद लिहीत आहोत याची त्यास जाणीवही नसते.

म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने फ्रँचायझी कंपनीचा अहवाल हाती घेतल्यावर आकड्यांआधी पुढील बाबी वाचाव्यात. सॉफ्टवेअरची व्याख्या कोणत्या शब्दांत केली आहे. उपयुक्त आयुष्य किती धरले आहे आणि ते मागील वर्षापेक्षा बदलले आहे काय. भांडवली झालेल्या रकमेत स्वतःच्या नोकरांचा पगार किती आहे. फ्रँचायझीधारकाचे शुल्क कोणत्या सदरात दाखविले आहे. आणि त्याच्याशी झालेल्या करारात ताब्याचा अधिकार आहे की केवळ वापराचा. या पाच प्रश्नांची उत्तरे टिपांच्या बारीक अक्षरांत असतात, आणि तेथील वाक्ये लांब व रूक्ष असतात. ती व्याकरण्याच्या चिकाटीने वाचावी लागतात.

मराठीत वाणिज्याचे उच्च शिक्षण द्यावयाचे, तर या संज्ञांना केवळ प्रतिशब्द देऊन भागणार नाही. ‘अंतर्गत’ हा प्रतिशब्द कोशात सहज सापडतो. पण त्याच्या सीमेवर जो फ्रँचायझीधारक उभा आहे, तो कोशात सापडत नाही. प्रत्येक संज्ञेबरोबर तिची कसोटी, तिचा अपवाद आणि तिने ज्याच्या खिशाला हात पोचतो तो माणूस, ही तिन्ही शिकविली गेली पाहिजेत. वाणिज्य आणि भाषा या विभागांनी एकत्र बसून हे काम करण्याजोगे आहे.